विलायतेत शिकलेल्या हिशेबनिसाने मांडला शिंदीच्या झाडाचा हिशेब, जे. सी. कुमारप्पा यांची ३० जानेवारीला पुण्यतिथी

भंडारा : ३० जानेवारी म्हटलं की गावोगावी शाळेत अन् ग्रामपंचायतीत महात्मा गांधींच्या फोटोला हार घातला जातो. बरोबर १२ वर्षांनी, १९६० साली, त्याच तारखेला गांधीजींचा एक जुना सहकारी जग सोडून गेला. त्यांचं नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. जन्माने तमिळ, धर्माने ख्रिस्ती, शिक्षणाने हिशेबनीस. पण आयुष्यातली कामाची बहुतेक वर्षं त्यांनी आपल्या विदर्भात, वर्ध्याला काढली. धुऱ्यावरचं अन् पडीक जागेवरचं झाड शेतकऱ्याच्या घराला काय देतं, याचा वही-पेन घेऊन हिशेब मांडणारा हा माणूस आज आपल्या भागात फारसा कोणाच्या आठवणीत नाही.

आपल्याकडे मामा तलावाच्या पारीवर, बोडीच्या काठावर, बांधीच्या धुऱ्यावर शिंदी, मोह, जांभूळ, चिंच, आंबा उभे असायचे. त्यांना कोणी पीक म्हणत नव्हतं. सातबाऱ्यावर पीक म्हणजे धान. कुमारप्पांचं म्हणणं वेगळं होतं. एकदा लावलं की पिढीभर खायला देणारं झाड हेही पीकच आहे, अन् चांगल्या जमिनीवरचा भार तेच हलका करतं, असं ते मांडत राहिले.

तंजावर ते न्यूयॉर्क

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरचा. घर शिकलेलं, खाऊन-पिऊन सुखी. पुढे ते लंडनला गेले अन् हिशेब तपासणीचं शिक्षण पूर्ण करून आले. मुंबईत त्यांनी स्वतःचा व्यवसाय थाटला. सूट-बूट, इंग्रजी राहणी, मोठमोठ्या कंपन्यांच्या वह्या तपासायचं काम. गाव, शेती, धान, गूळ यांच्याशी काडीचा संबंध नव्हता.

वयाच्या पस्तिशीनंतर ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली सरकारी जमाखर्चाचा अभ्यास केला. इंग्रज सरकार हिंदुस्थानातून कर किती गोळा करतं अन् तो पैसा जातो कुठं, हे आकडे त्यांनी पहिल्यांदा नीट जुळवले. एवढी मोठी जमीन, एवढी कष्टाळू माणसं, तरी देश गरीब का, याचं उत्तर त्यांना त्या जमाखर्चातच सापडलं. इंग्रजी साहेबासारखा राहणारा माणूस तिथून वेगळाच होऊन परतला. परत आल्यावर त्यांनी कॉर्नेलियस हे आडनाव मागे टाकून कुमारप्पा हे घराण्याचं जुनं नाव लावलं.

साबरमतीची भेट

लिहिलेला प्रबंध छापायचा होता. कोणीतरी गांधीजींना भेटायला सुचवलं. ९ मे १९२९ रोजी कुमारप्पा साबरमती आश्रमात पोचले. वेळेच्या आधीच आले होते, म्हणून हातातल्या काठीवर रेलून इकडंतिकडं बघत उभे राहिले. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर बसून एक म्हातारा माणूस सूत कातत होता. वेळ झाली तेव्हा त्या म्हाताऱ्यानेच त्यांना नावाने विचारलं, अन् कुमारप्पांच्या डोक्यात प्रकाश पडला की हेच गांधीजी. अंगात किमती सूट होता तरी ते तसेच खाली जमिनीवर बसले.

गांधीजींनी त्यांचं लिखाण 'यंग इंडिया'त क्रमाने छापलं. सोबत एक कामही गळ्यात घातलं. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यात गावोगाव फिरून शेतकऱ्याची खरी कमाई किती, हे मोजायचं. गुजरात विद्यापीठाच्या पोरांना घेऊन कुमारप्पा घरोघर गेले. बैल किती, देणं किती, घरात वर्षभर काय शिजतं, सगळं लिहून घेतलं. कंपन्यांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाने शेतकऱ्याच्या घराची वही पहिल्यांदा उघडली ती इथं. पुढे चळवळीत ते तुरुंगातही जाऊन आले.

हिशेबाच्या बाबतीत माणूस फार कडक. १९३४ साली बिहारात मोठा भूकंप झाला. मदतनिधीचा पैसा त्यांच्या ताब्यात होता. गांधीजी आपल्या माणसांना घेऊन पाहणीला आले, तेव्हा त्या माणसांच्या जेवणाचा खर्च निधीतून करायला कुमारप्पांनी चक्क नकार दिला. पैसा भूकंपात सापडलेल्यांचा आहे, पाहुण्यांचा नाही, अशी त्यांची भूमिका. गांधीजींना राग आला नाही. उलट असाच माणूस आपल्याला पाहिजे, हे त्यांनी हेरलं.

वर्ध्याची मगनवाडी

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातली आपली बाग अन् घर या कामाला दिलं. तीच मगनवाडी. कुमारप्पा संघाचे सचिव झाले अन् वर्ध्याचेच होऊन राहिले. लग्न केलं नाही. धोतराला कापड जास्त लागतं म्हणून कमी कापडात होणारा, धोतर अन् पायजाम्याच्या मधला एक कपडा त्यांनी स्वतःसाठी बनवून घेतला. हिशेब तिथंही होता.

मगनवाडीत हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, मधमाशा, हातकागद, धूर कमी करणारी मगन चूल, रॉकेलऐवजी झाडांच्या बियांच्या तेलावर जळणारा मगन दिवा असे प्रयोग सुरू झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. ते वर्ध्यात आजही आहे.

आपल्या धानपट्ट्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट याच काळातली. मध्य प्रांत अन् वऱ्हाडच्या सरकारने १९३८ मध्ये गावातले उद्योग तपासायला समिती नेमली. भंडारा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. समितीचं काम कुमारप्पांकडे आलं. त्यांनी शेकडो गावांची माहिती गोळा करवली अन् १९३९ मध्ये अहवाल दिला. गावातलं काय बाहेर जातं अन् त्या बदल्यात गावाला काय मिळतं, हा त्यांच्या पाहणीचा मुख्य प्रश्न होता.

शिंदीचा गूळ

आता मुख्य गोष्ट. साखर कारखाने वाढत होते. कारखान्याला ऊस पाहिजे, उसाला चांगली जमीन अन् भरपूर पाणी पाहिजे. जिथं धान, ज्वारी, डाळ पिकायची ती जमीन उसाखाली जाऊ लागली. कुमारप्पांनी प्रश्न टाकला की गोड खायला चांगली जमीन का अडकवायची? शिंदी अन् ताड ही झाडं पडीक जागेवर, नाल्याच्या काठावर आपोआप वाढतात. त्यांना ना नांगर लागतो, ना पाणी, ना खत. त्यांच्या रसाचा गूळ केला तर उसाखालची जमीन धान्याला मोकळी होते.

गजानन नाईक नावाच्या कार्यकर्त्याने या कामाला वाहून घेतलं. वर्धा-सेवाग्राम भागात शिंदीच्या झाडांना छेद देऊन नीरा काढायची, अन् कढईत आटवून गूळ पाडायचा. गांधीजींनीही या गुळाबद्दल लिहून लोकांना सांगितलं.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. शिंदीचा हंगाम हिवाळ्याचा. झाडावर चढून शेंड्याखाली खोडाला छेद द्यावा लागतो. एका वर्षी एका बाजूने, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या बाजूने, म्हणून जुन्या शिंदीच्या खोडावर नागमोडी खाचा दिसतात. मडक्याला आतून चुना लावायचा, नाहीतर रस आंबतो. रात्रभर गळलेला रस दिवस उगवायच्या आत उतरवून लगेच चुलीवर ठेवायचा. ऊन लागलं की नीरेची ताडी झालीच समजा. साधारण आठ-दहा लिटर रस आटवला तर किलोभर गूळ पडतो. म्हणजे जळतण भरपूर लागतं, अन् चढणारा माणूस हातचा पक्का लागतो.

कुमारप्पांना यात आणखी एक फायदा दिसला. काँग्रेसचा दारूबंदीवर जोर होता. ताडी-शिंदी काढून पोट भरणाऱ्यांचं काम त्यामुळे जाणार होतं. झाड तेच, कसब तेच, फक्त ताडीऐवजी गूळ केला तर त्या माणसाची रोजी वाचते. बंदी घालताना ज्याचं पोट मारलं जातं त्याला दुसरं काम द्या, हा त्यांचा आग्रह होता.

तुरुंगात लिहिलेलं पुस्तक

१९४२ च्या चळवळीनंतर कुमारप्पा जबलपूरच्या तुरुंगात होते. तब्येत ढासळली होती, रक्तदाब वाढला होता. तिथंच त्यांनी आपलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक लिहिलं. टिकाऊपणाचं अर्थशास्त्र असा त्याच्या नावाचा अर्थ. १९४५ मध्ये ते छापलं गेलं, प्रस्तावना गांधीजींची.

त्यात त्यांनी कमाईचे प्रकार जनावरांच्या उदाहरणाने समजावले आहेत. वाघ शेळी मारून खातो, म्हणजे जिच्यावर जगतो तिलाच संपवतो. माकड आंब्याच्या झाडावर चढून आंबे खातं, पण झाड लावायला काही करत नाही. आपल्याकडे माकडांचा त्रास भोगणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पक्षी स्वतःसाठी घरटं बांधतो, म्हणजे कष्टाचं खातो. मधमाशी फुलातून मध घेते, पण घेताघेता फळधारणेला मदत करते, अन् मध साठवते तो सगळ्या पोळ्यासाठी. शेवटी चिमणी, जी मोबदला न मागता पिल्लांना भरवते. माणसाने वाघ अन् माकडाकडून मधमाशी अन् चिमणीकडे सरकावं, हे त्यांचं सांगणं.

दुसरी गोष्ट मुद्दल अन् व्याजाची. कोळसा, पेट्रोल हे साठ्यातलं धन. वापरलं की संपलं. झाड, जंगल, शेण, बैल, पाऊस ही वाहती कमाई. दरवर्षी जेवढी वाढ होते तेवढीच घेतली तर ती संपत नाही. ज्याने मुद्दल मोडून खाल्लं त्याची पेढी बुडते, हे हिशेबनिसाला वेगळं शिकवावं लागत नाही. जमिनीचा कस हेही मुद्दलच. म्हणून रासायनिक खत अन् ट्रॅक्टर याबद्दल ते कायम साशंक राहिले. बैल काम करतो अन् शेणही देतो, लोखंडी यंत्र शेण देत नाही, हा त्यांचा मुद्दा त्या काळी दिल्लीतल्या लोकांना हसण्यासारखा वाटला. जंगलाच्या बाबतीतही त्यांचं मत ठाम होतं. जंगल सरकारी तिजोरी भरायला नाही, लोकांची गरज भागवायला सांभाळावं.

आधी गावाचं ताट, मग बाजार

कुमारप्पांनी पिकांच्या नियोजनाचा एक तक्ता केला. लाखभर लोकवस्तीचा भाग धरायचा अन् त्या माणसांना वर्षभर काय खायला लागतं ते आधी लिहायचं. माणशी रोज १६ औंस धान्य, २ औंस डाळ, २ औंस गूळ, १२ औंस दूध, ८ औंस भाजी, ४ औंस कंद अन् ४ औंस फळं. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. मग त्यासाठी कोणत्या पिकाला किती जमीन लागते ते काढायचं, अन् तसं पीक घ्यायचं. उरलं तर बाजार.

हाच हिशेब हजार वस्तीच्या गावाला लावून बघा. फळं रोज एक क्विंटलच्या वर लागतात. गूळ वर्षाला २०० क्विंटलच्या वर लागतो. आज आपल्या एखाद्या गावात यातलं किती पिकतं अन् किती आठवडी बाजारातून विकत येतं, हे ज्याने त्याने मोजावं.

पण झाड लावलं म्हणजे सगळं भलंच, असंही ते मानत नव्हते. केरळच्या किनाऱ्यावर धानाच्या जमिनीत नारळाच्या बागा उठल्या. खोबरं साबणाच्या कारखान्यात जाऊ लागलं अन् खायला तांदूळ बाहेरून आणायची पाळी आली. कुमारप्पांनी यावर कडक टीका केली. नारळ हेही बारमाही झाडच. पण ते धानाच्या जमिनीत घुसलं अन् त्याचं फळ गावाच्या पोटात न जाता कारखान्यात गेलं. झाड कोणतं यापेक्षा ते कोणत्या जागेवर अन् कोणाच्या ताटासाठी, हे त्यांना महत्त्वाचं होतं. शिंदी पडीक जागेवर म्हणून चांगली, नारळ धानाच्या बांधीत म्हणून वाईट.

स्वातंत्र्यानंतर

स्वातंत्र्य मिळालं. काँग्रेसने जमीन सुधारणेसाठी समिती नेमली अन् कुमारप्पांना अध्यक्ष केलं. १९४९ च्या अहवालात त्यांनी मधले दलाल हटवा, कसेल त्याची जमीन करा, अन् जमिनीवर कमाल मर्यादा घाला, असं सुचवलं. भंडाऱ्यासारख्या मालगुजारी जिल्ह्याला हा विषय किती जवळचा होता हे जुन्या माणसांना माहीत आहे. मालगुजारी १९५१ मध्ये गेली.

पण देशाची गाडी वेगळ्या रस्त्याने निघाली होती. मोठी धरणं, मोठे कारखाने, साखर, खत. कुमारप्पांनी आपल्याच जुन्या सोबत्यांवर, मंत्री झालेल्या माणसांवर, सडकून टीका केली. त्यामुळे ते एकटे पडत गेले. मग वर्ध्याजवळ सेलडोह गावात त्यांनी पन्नै आश्रम काढला. पन्नै म्हणजे तमिळमध्ये शेत. बैलावरची, गावाला पुरणारी शेती स्वतः करून दाखवायची होती. तब्येतीने साथ दिली नाही. १९५० नंतरच्या काही वर्षांतच ते विदर्भ सोडून तमिळनाडूत मदुराईजवळ टी. कल्लुपट्टीच्या गांधी निकेतन आश्रमात गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

ताडगुळाचं काम पूर्ण मेलं नाही. खादी ग्रामोद्योगाच्या सरकारी यादीत ते राहिलं अन् गजानन नाईक यांनी दिल्लीपर्यंत ते नेलं. पण विदर्भात शिंदीचा गूळ दुकानात दिसत नाही. चढणारे कमी झाले, जळतण महागलं, साखर स्वस्त झाली. आज नीरा काढायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते, हेही खरं.

आपल्या धुऱ्यावर काय?

कुमारप्पांचा शिंदीचा गूळ जसाच्या तसा परत येईल असं नाही. त्यांचा हिशेब मात्र जुना झालेला नाही. आपल्याकडे पावसाळी धान, पाणी असलं तर उन्हाळी धान, नाहीतर लाखोरी, हरभरा, जवस. एका वर्षी पाऊस हुकला, तुडतुडा लागला किंवा चुकारे अडकले की घर रिकामं. अशा वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मग चार-तेंदू, आंबा, जांभूळ यांनी किती घरांना हात दिला, हे जंगलाकाठच्या साकोली, लाखांदूर, पवनी, तुमसरच्या गावांना माहीत आहे. तरी ट्रॅक्टर वळायला अडचण होते म्हणून, सावली पडते म्हणून, भाऊहिश्शात वाद होतो म्हणून धुऱ्यावरची झाडं एकेक करून गेली.

सावलीने धान कमी येतं ही तक्रार खोटी नाही. म्हणून मोठं झाड बांधीच्या मधल्या धुऱ्यावर नको. आंबा, मोह, जांभूळ, चिंच यांना बोडीची पार, पडीक टेकाड, शेताचा उत्तरेकडचा कोपरा चालतो, कारण दुपारची सावली बांधीबाहेर पडते. घराच्या वाडीत शेवगा, लिंबू, पेरू, सीताफळ, आवळा. न्हाणीचं पाणी त्यांना पुरतं. लावणी पावसाच्या सुरुवातीला करावी अन् पहिले दोन उन्हाळे पाणी अन् कुंपण सांभाळावं. बकरीच्या तोंडून वाचलं तर पुढचं झाडच बघून घेतं. रोजगार हमीतून बांधावर अन् पडीक जागेवर फळझाडं लावायची योजना आहे. त्यासाठी सहायक कृषी अधिकारी किंवा ग्रामरोजगार सेवकाला विचारता येतं.

कुमारप्पांनी स्वतःच्या नावावर शेत, घर, संसार काही ठेवलं नाही. वहीत आकडे मांडताना त्यांनी शेतकऱ्याची कमाई फक्त विकलेल्या पोत्यांवरून धरली नाही, बाजारातून काय विकत आणावं लागलं नाही तेही कमाईच्या रकान्यात लिहिलं. या वर्षी धानाचे चुकारे हातात आले की एकदा तसा रकाना आखून बघायला हरकत नाही. धुऱ्यावरच्या जुन्या आंब्याला कुऱ्हाड लावायच्या आधी तर नक्कीच.